गाई-म्हशींच्या पोटातील चुंबक आणि कुट्टी यंत्रावरील चुंबक : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर तालुक्यात असलेल्या आमच्या गोठ्यात संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) गाई आणि मुऱ्हा म्हशी अशी दोन्ही जनावरे आहेत. गेल्या ऊस गाळप हंगामाच्या तोंडावर आम्ही दुभत्या जनावरांना आणि कालवडींना डॉक्टरांकडून, गिळलेली तार किंवा खिळा धरून ठेवणारे पोटातील चुंबक देऊन घेतले आणि त्याच सुमारास कडबाकुट्टी यंत्रालाही चपट्या चुंबकाची पट्टी बसवली. हंगाम संपला, पावसाळाही सरला. या काळात जे पाहण्यात आले ते इतर दूध उत्पादकांच्या उपयोगी पडावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

गाय किंवा म्हैस वैरण जिभेने ओढून घेते आणि पुरती न चावताच गिळते. त्यामुळे चाऱ्यातील तार किंवा खिळा तिला ओठांनी वेगळा काढता येत नाही. गिळलेले लोखंड जड असल्याने जाळीपोटात (चार कप्प्यांच्या पोटातील जाळीदार कप्प्यात) जाऊन बसते. हे पोट साधारण मिनिटाला एकदा जोराने आकुंचन पावते. त्याच्या पुढे श्वासपटल आणि पटलाच्या लगेच पलीकडे हृदय असल्याने, टोकदार तार एकदा भिंतीत रुतली की प्रत्येक आकुंचनाबरोबर पुढे सरकू शकते. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत वाढलेल्या गर्भाचा दाब आणि व्यायच्या वेळच्या कळा यांमुळे हा धोका आणखी वाढतो. तार हृदयाच्या आवरणापर्यंत गेली, की गळ्याखाली पोळीला (लोंबत्या कातडीला) सूज येते, मानेच्या शिरा फुगतात, आणि त्या अवस्थेतून जनावर क्वचितच वाचते.

आपल्या जिल्ह्यात हा धोका अधिक वाटतो, त्याला कारणे आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फौंड्री आणि मशीनशॉपमुळे लोखंडाचा कीस आणि भंगार रस्त्याकडेला सर्रास पडलेले असते. गावोगावी घरांची बांधकामे चालू असतात आणि स्लॅबच्या सळ्या बांधून उरलेले बायंडिंग तारेचे तुकडे तसेच मातीत राहतात. 2019 आणि 2021 च्या महापुरांसारखे पाणी आले, की पंचगंगेकाठच्या गवतात काय काय वाहून येऊन अडकते, हे नदीकाठच्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको.

पोटातील चुंबक बोटाएवढ्या लांबीचा, गोल कडांचा आणि गुळगुळीत असतो. तो घशात सोडण्यासाठी लांब नळीचे साधन लागते आणि ते काम पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण घाईत नळी चुकीची गेली तर घशाला इजा होते. आमच्या डॉक्टरांनी आदल्या रात्रीपासून जनावरांना उपाशी ठेवायला सांगितले होते. पोट फार भरलेले नसले, तर चुंबक जाळीपोटात लवकर उतरतो. एकदा बसला की तो सहसा जन्मभर तिथेच राहतो आणि नंतर आलेली तार किंवा खिळा स्वतःला चिकटवून धरतो. विकत घेताना मात्र चुंबकाची ताकद तपासून घ्यावी. दुकानात दाखवलेल्या चुंबकांपैकी काही इतके कमजोर होते, की जाड खिळाही त्यांना धड चिकटून राहत नव्हता.

चुंबक जागेवर आहे की नाही, हे साध्या होकायंत्राने कळते. डाव्या कोपराच्या मागे, छातीच्या खालच्या बाजूला ते धरले की सुई फिरते. ही तपासणी गोठ्यात करून उपयोग नाही, कारण दावणीच्या लोखंडी पाइपांनीच सुई हलते. जनावर मोकळ्या अंगणात, पाइप आणि पत्र्यापासून दूर नेऊनच पाहावे.

या साऱ्या खर्चात सर्वाधिक समाधान दिले ते कुट्टी यंत्रावरील पट्टीने. यंत्रात लांब तार गेली, तर पात्यांखाली तिचे सहज गिळता येतील असे आखूड तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन नवी धारदार टोके येतात. म्हणजे जी तार कदाचित गव्हाणीत नजरेस पडली असती, तीच यंत्रातून अधिक घातक होऊन बाहेर येते. उसाच्या वाड्याची (शेंड्याकडील हिरव्या पानांची) कुट्टी केल्यानंतर एका संध्याकाळी पट्टी पुसताना पेराएवढे तारेचे तुकडे निघाले. अंग गंजून तांबूस झालेले, पण कापलेली टोके तिरकी आणि चकचकीत. त्यांच्याभोवती काळ्या किसाचा थर होता. पट्टी रोज पुसावी लागते, हा एक त्रास आहे. कुट्टी जाड थराने घसरत गेली, तर वरच्या थरातील तार पट्टीला न लागता निघून जाते, म्हणून आम्ही घसरणीचा पत्रा रुंद करून थर पातळ केला. त्यानंतर फरक पडला.

तरीही या दोन्ही साधनांवर पूर्ण विसंबू नये. तांबे, ॲल्युमिनियम आणि बहुतेक स्टेनलेस स्टील चुंबकाला लागत नाही, प्लास्टिकच्या पिशव्यांचा प्रश्न तर वेगळाच आहे. आधीच भिंतीत घुसलेली तार चुंबक ओढून काढेलच, असेही नाही. मध्यंतरी व्यालेल्या एका गाईचे दूध अचानक उतरले आणि तिने पेंड सोडली, तेव्हा पोटात चुंबक असूनही आम्ही लगेच डॉक्टरांना बोलावले. त्यांनी खांद्यांमधील पाठ चिमटून पाहिली. पोटात तार असलेले जनावर अशा वेळी पाठ खाली वाकवायला तयार नसते आणि कण्हते. ही गाय कण्हली नाही, आणि तपासणीत किटोसिस (व्याल्यानंतर ऊर्जा कमी पडून होणारा आजार) निघाला. पाठीला कमान, कोपरे बाहेर काढून उभे राहणे, उतारावर चालायला नकार, वारंवार फुगणारे पोट, ही लक्षणे दिसली तर चुंबक दिला आहे म्हणून थांबून राहू नये.

गोठ्यात या काळात तारेचा आजार झाला नाही, पण मोजक्या जनावरांवरून आणि काही महिन्यांवरून मी मोठा निष्कर्ष काढणार नाही. पट्टीवर निघालेले तुकडे मात्र जनावरांच्या पोटात गेले नाहीत, एवढे निश्चित आहे, आणि पोट उघडून कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे दोन्ही चुंबकांची किंमत किरकोळ आहे. ज्यांना एका वेळी एकच घेणे शक्य आहे, त्यांनी आधी कुट्टी यंत्राची पट्टी घ्यावी आणि नंतर पोटातील चुंबक गाभण जाण्याआधीच्या कालवडींपासून सुरू करावेत. बाजारातून आणलेल्या जनावराला आधी होकायंत्र लावून पाहावे. पूर्वीच्या मालकाने चुंबक दिलेला असेल, तर दुसरा देण्याची गरज नाही.