अपार्टमेंटच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग : कोबा करावा की कोटिंग?

वळीव पडून गेला की साताऱ्याच्या शाहूपुरी-गोडोलीपासून सांगलीच्या विश्रामबागपर्यंत सोसायट्यांची एकच धावपळ सुरू होते. वरच्या फ्लॅटला ओल आलीय, वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा! हे काम करणारे इथे दोन प्रकारचे. काही जण कोबा करतात, म्हणजे सिमेंटच्या मालात विटांचे तुकडे बसवून उताराचा जाड थर देतात, आणि वर चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) बसवतात, तर काही ॲक्रिलिक कोटिंगचे, म्हणजे रंगासारख्या जलरोधक लेपाचे, हात मारून दोन-तीन दिवसांत मोकळे होतात. मत आधीच सांगून टाकतो : नव्या स्लॅबला कोबा, जुना कोबा धड असेल तर त्यावर कोटिंग. कोब्यावर दुसरा कोबा मात्र अजिबात नको.

'त्यापेक्षा उतरतं छप्परच का करत नाहीत?' हा प्रश्न सोसायटीच्या मीटिंगमध्ये हमखास निघतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथल्या बैठ्या घरांना ते हवंच. पण २० मीटर रुंदीच्या इमारतीवर ३० अंशांचं छप्पर चढवलं तर आढं पावणेसहा मीटर उंच जातं. म्हणजे दोन मजल्यांच्या जवळपास बांधकाम, आणि त्यात विकण्यासारखं काही नाही. शेवटचा स्लॅब मात्र खालच्या मजल्यांच्याच सेंट्रिंगवर (काँक्रीट ओतायच्या साच्यावर), त्याच माणसांकडून होतो. वर टाक्या, सोलर, लिफ्टची मशीन रूम बसते, एप्रिलमध्ये कुरडया-पापडही वाळतात. म्हणून गच्ची सपाट. फक्त ती दिसायला सपाट हवी, पाण्याला नव्हे.

सगळी मेख या उतारात आहे. किमान १ : १०० धरा, म्हणजे १० मीटर लांबीला १०० मिलिमीटर. पाणी जायच्या जाळीपाशी कोबा ६५ मिलिमीटर असेल तर लांबच्या टोकाला तो १६५ भरला पाहिजे. चांगला मिस्त्री आधी लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) पातळीच्या खुणा घेतो, दोऱ्या बांधतो आणि मगच माल कालवतो. दोरी न बांधता 'अंदाज आहे हो' म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा.

कोब्याची रीत अशी. स्लॅब तारेच्या ब्रशने घासून धुवायचा, भेगा आणि पोकळ जागा भरायच्या, मग वॉटरप्रूफिंग कंपाऊंड घातलेली सिमेंटची स्लरी (पातळ घोळ). त्यावर १ : ४ मालाचा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) थर देऊन त्यात भिजवलेले विटांचे तुकडे उभे बसवायचे, मध्ये १५-२० मिलिमीटर फट ठेवून. तुकडे कोरडे असले तर मालातलं पाणी तेच पिऊन टाकतात, आणि वर्षभरात कोबा काठीने ठोकला की पोकळ वाजतो. फटी भरल्यावर वरचा हात किंवा मोझॅक. पॅरापेटला (गच्चीच्या कठड्याला) ३०० मिलिमीटर उंचीपर्यंत गोलसर वाटा, म्हणजे मालाची गोलाई, चढवायचा. काटकोनी कोपरा ठेवला तर भेग पहिल्यांदा तिथेच पडते. शेवटी आळी (मालाचे छोटे बांध) करून सात ते दहा दिवस पाणी साठवून ठेवायचं. घाईच्या कामात पहिली काट बसते ती या पाण्याला.

कोब्याचा दोष वजनाचा. सरासरी ११५ मिलिमीटर जाडीचा कोबा चौरस मीटरला सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतो. आयएस ८७५ (भाग २) या भारतीय मानकाप्रमाणे वावर असलेल्या गच्चीसाठी चल भार (माणसं, सामान यांचं वजन) धरतात चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो. गळक्या कोब्यावर दुसरा कोबा टाकला की हिशोबातला सगळा भार माणूस वर चढण्याआधीच संपला. तरीही 'वरून एक थर देऊ, फोडायची कटकट नको' असं सांगणारे भेटतात. फोडणं महाग आणि धुळीचं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

कोटिंग हलकं आणि झटपट, सुरुवातीला स्वस्तही. पण ते उतार देत नाही. जिथे पाणी साचतं तिथे ते दोन-चार पावसाळ्यांत फुगतं आणि पोपडे सुटतात. शेवाळ घासून काढलं नाही, ओल्या पृष्ठभागावर हात मारला किंवा सांध्यांवर फायबरची जाळी घातली नाही, तर त्याहूनही लवकर. दोन हात एकमेकांना काटकोनात हवेत. कोटेशनमध्ये डब्यांची संख्या आणि दर चौरस मीटरला किती लिटर हे लिहून घ्या. नाहीतर पाणी घालून पातळ केलेला रंगच वर जातो.

गळतीचं खापर कोब्यावर फुटतं, पण बऱ्याचदा दोषी असतो गच्चीचं पाणी खाली नेणारा पाइप. ४० चौरस मीटरला १०० मिलिमीटरचा एक पाइप या हिशोबाने तोंडं हवीत आणि प्रत्येकावर घुमटाकार जाळी. सपाट जाळी एका पिशवीने बंद होते. दुसरा दोषी सोलरचा स्टँड : थेट स्लॅबला भोक पाडून बोल्ट मारलेला. तो काँक्रीटच्या ठोकळ्यावर उभा करायला सांगा.

शेवटचा हप्ता चाचणीनंतरच द्यावा. तोंडं बंद करून २५ ते ५० मिलिमीटर पाणी ४८ ते ७२ तास ठेवायचं आणि खालच्या फ्लॅटचं सिलिंग बघायचं. इमारत नवी असेल तर पैसे काढण्याआधी ताब्याची तारीख तपासा. रेरा (स्थावर संपदा) कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. ती मुदत उलटली की खर्च सोसायटीचा, एकट्या वरच्या मजल्यावाल्याचा नाही.