पंचांग पाहून माल भरणारे किराणा दुकान

पुण्याच्या पेठेतील ज्या दुकानातून आमच्या घरी गेली कित्येक वर्षे वाणसामान येते, त्याचा मोठा गुण म्हणजे तेथे कोणता माल कधी व किती भरायचा हे पीक, पंचांग आणि हवा या तिन्हींकडे पाहून ठरते.

गव्हाची काढणी झाल्यावर मार्च-एप्रिलमध्ये सिहोर आणि लोकवन गव्हाची पोती लागतात, आणि वर्षाचे धान्य भरणाऱ्यांना दुकानदारकाका मूठभर गहू घरी नेऊन पोळी करून पाहण्यास आवर्जून सांगतात. मसाल्याच्या मिरचीचेही तसेच आहे. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी लवंगी नव्या हंगामाची मिळते. जुनी मिरची शिल्लक असेल, तर ती जुनी आहे हे विचारण्याआधीच सांगितले जाते. पावसाळ्यात मात्र रवा व पोहे ते थोडे थोडेच आणतात, कारण दमट हवेत त्यांत लवकर जाळी धरते.

या दुकानाची खरी परीक्षा 2023 साली झाली. त्या वर्षी 18 जुलैला अधिक श्रावण लागला आणि निज श्रावण 17 ऑगस्टपर्यंत पुढे गेला. श्रावणातल्या उपवासांचा साबुदाणा, वरई आणि राजगिऱ्याचा मोठा खप त्यामुळे महिनाभर लांबला. उलट जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देण्याची प्रथा असल्यामुळे एरवी दिवाळीत विकले जाणारे अनारशाचे पीठ भर पावसाळ्यात मागितले जाऊ लागले. काकांनी पीठ, खसखस आणि बत्तासे अधिक मास लागण्यापूर्वीच आणून ठेवले होते. दिवाळीही आदल्या वर्षाच्या मानाने उशिरा, म्हणजे लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरऐवजी 12 नोव्हेंबरला आले, तेव्हा भाजके पोहे आणि डाळे त्यांनी त्या बेतानेच मागवले, म्हणून आमचा चिवडा ताज्या मालाचा झाला. संक्रांत सूर्याच्या गतीवर ठरत असल्याने तिची तारीख फारशी हलत नाही, त्यामुळे तीळ आणि चिकीचा गूळ यांचा अंदाज सोपा असतो. तरीही सण झाल्यावर तीळ खवट होऊ नयेत म्हणून ते नव्याने भरत नाहीत, ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

उणिवाही आहेत. धनत्रयोदशीच्या आठवड्यात यादी देऊनही सामान घरपोच यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि हाताने लिहिलेल्या बिलात प्रत्येक वस्तूचा दर वेगळा दिसत नाही, जो दिसायलाच हवा. एका दिवाळीला सुके खोबरे खवट निघाले होते. ते त्यांनी विनातक्रार बदलून दिले, परंतु करंज्यांचा बेत एक दिवस पुढे गेला. म्हणून दिवाळीची यादी निदान आठवडाभर आधी द्यावी, आणि खोबऱ्याची वाटी तिथेच फोडून चाखून घ्यावी. काका त्याला कधीही नाही म्हणत नाहीत.