यादी घेऊन तपासायचं की पान सोडून शोधायचं?

कॉलेजच्या मुलांना संकेतस्थळ पारखायला शिकवायच्या दोन वाटा आहेत. जुनी वाट यादीची. कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या विद्यापीठ ग्रंथालयात २००४ मध्ये ‘क्रॅप’ चाचणी तयार झाली: मजकूर ताजा आहे का, विषयाशी जुळतो का, लिहिणारा कोण, माहिती अचूक आहे का, हेतू काय. शिकवायला सोपी, गुण द्यायला त्याहून सोपी. म्हणूनच टिकली असावी.

दुसरी वाट उलटी. पानावर रेंगाळायचंच नाही. नवे टॅब उघडून या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहायचं. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांच्या २०१७ मधल्या अभ्यासात १० इतिहासकार, १० फॅक्ट-चेकर आणि २५ विद्यार्थी होते. समोर बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांची पानं, भरवशाचं कोणतं ते ठरवायचं: हजारो सदस्यांची ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स’ आणि तिच्यातून फुटलेला छोटा गट, ‘अमेरिकन कॉलेज ऑफ पीडियाट्रिशियन्स’. नाव भारदस्त, मांडणी नीटनेटकी, खाली संदर्भही. यादी लावली तर हा गट आरामात पास! विद्यार्थीच काय, पीएचडीवाले कित्येक इतिहासकारही चकले. फॅक्ट-चेकर मात्र काही मिनिटांत या फुटीच्या मूळ भानगडीपर्यंत पोचले, कारण ते पानावर थांबलेच नाहीत.

माझं मत दुसऱ्या वाटेला. पण शोधनिबंध हाती आला की टॅब पुरत नाहीत. तिथे नमुना किती, पद्धत कोणती, हे आत शिरूनच वाचावं लागतं. आणि यादीतला तारखेचा प्रश्न? तो मी अजूनही सगळ्यात आधी विचारतो.