एकच चाक तापतं आणि बिल मास्टर सिलिंडरचं

वणीहून मारेगावकडे निघालेल्या एका शेतकऱ्याच्या गाडीचं पुढचं डावं चाक तापलं. जळका वास येत होता, गाडी डावीकडे ओढत होती. रस्त्यावरच्या गॅरेजवाल्यानं चाक उचललं, कॅलिपरचा, म्हणजे चाकापाशी ब्रेक आवळणाऱ्या भागाचा, ब्लीडर निपल (ब्रेकचं तेल-हवा सोडायचा स्क्रू) सैल केला. तेल उडालं आणि जाम चाक हातानं फिरू लागलं. "पाहा भाऊ, प्रेशर अडकून राह्यते. मास्टर सिलिंडर गेला तुमचा." पेडल दाबल्यावर चाकांकडे ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या या पार्टचे त्यानं ९,५०० रुपये घेतले. गावात शिरेपर्यंत तेच चाक पुन्हा धरलं.

बॉनेट उघडल्यावर लबाडी दिसली. मास्टर सिलिंडर बदलायचा तर त्याला जोडलेल्या लोखंडी नळ्यांचे नट खोलावेच लागतात. पाना बसला की नटाच्या कडा घासून चमकतात, वरची माती झडते. इथे नटांवर काळ्या मातीची खपली जशीच्या तशी होती. पार्ट बदललाच नव्हता. निपलमधून प्रेशर सोडलं म्हणून चाक तेवढ्यापुरतं मोकळं झालं होतं.

मास्टर सिलिंडर फक्त एकाच चाकाला सहसा प्रेशर देत नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत त्याची एक लाइन पुढच्या एका आणि मागच्या विरुद्ध बाजूच्या चाकाला जाते. तो अडकला तर सहसा जोडीतली दोन्ही चाकं धरतात. एकच चाक तापत असेल तर आधी त्या चाकापाशीच शोधायचं.

तपासणी आपल्यासमोर करून घ्या. जमीन सपाट हवी, बाकीच्या चाकांना दगड लावा, जॅकच्या जोडीला गाडीखाली स्टँडही ठेवा. चाक धरलेलं असतानाच निपलला नळी लावून ती बाटलीत सोडा आणि निपल किंचित सैल करा. तरीही चाक जाम असेल तर बहुधा कॅलिपरमधला पिस्टन गंजला आहे किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना अडकल्या आहेत. पांदणीचा चिखल पिनेवरच्या फाटक्या रबरी आवरणातून (बुटातून) आत जातो, वाळतो आणि पिन घट्ट धरतो. पिना साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं की बऱ्याचदा काम भागतं. साधं ग्रीस लावू देऊ नका, त्यानं रबर फुगतं.

निपल सैल करताच चाक सुटलं, तर प्रेशर अडकलं आहे. पण कुठं? निपल बंद करा, ब्रेक चार-पाच वेळा दाबून चाक पुन्हा धरू द्या आणि आता कॅलिपरला तेल नेणारा रबरी होज (लवचिक नळी) जिथं लोखंडी नळीला जोडला आहे तिथला नट सैल करा. इथेही सुटलं तर दोष वर, मास्टर सिलिंडरच्या बाजूला आहे. इथे सुटलं नाही आणि निपलपाशी सुटलं, तर होज आतून फुगून बंद झाला आहे. बाहेरून तो धडधाकट दिसतो, म्हणूनच ही फसवणूक चालते. वरच्या गाडीतही होजच गेला होता. ब्रेक पॅड बदलताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवला तरी होजचं आतलं अस्तर फाटू शकतं.

मागचं चाक असेल तर आधी हँडब्रेकची केबल सैल करून बघा. पावसाळ्यात ती आत गंजते.

काम झाल्यावर लाइनमधली हवा काढून घ्या, ब्रेक ऑइल त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच भरा आणि जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मग दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा आणि दोन्ही पुढच्या रिमांवर पाण्याचे थेंब टाका. एका बाजूला चर्र झालं, तर गाडी तशीच परत न्या.