जलरंगासाठी ३०० जीएसएमचा कागद: खान्देशी उन्हात कसा टिकतो

जलरंग नव्याने शिकणाऱ्यांनी सेल्युलोजचा (लाकडाच्या लगद्याचा) ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), कोल्ड प्रेस (किंचित खडबडीत), ए४ पॅड जरूर घ्यावा; १५० जीएसएमचा कागद पहिल्याच वॉशला (पाणीदार रंगाच्या पसरट थराला) फुगतो. खरी परीक्षा उन्हाळ्याची. जळगावात पारा ४३ अंशांवर गेला की आकाशाचा वॉश अर्ध्यातच सुकतो, मध्येच कडा उमटतात. म्हणून कागद दोन्ही बाजूंनी ओला करावा, रंग आधीच भरपूर कालवून ठेवावा, सकाळी आठच्या आत बसावं. केळीच्या पानाला नुसता सॅप ग्रीन सपाट दिसतो. लेमन यलो, अल्ट्रामरीन निळा आणि कणभर बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) मिसळा, फार सुंदर हिरवा मिळतो! आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांना मात्र हा कागद पुरत नाही. तिसऱ्या थराला खालचा रंग उचलला जातो. तिथे कॉटनचाच घ्या.