मुद्देमालाचं सॉफ्टवेअर अकरा महिने वापरल्यावर: सगळं लेबलपाशी अडतं

मागच्या आठवड्यात कोर्टात जे झालं त्यावरून हे लिहून राहिलो. २०२१ च्या गुन्ह्यातला चाकू दाखवायचा होता, मी पाकीट पुढे केलं आणि त्यावरचं नवीन बारकोडचं लेबल पूर्ण काळं. गुन्हा नंबर नाही, क्यूआर नाही, काहीच वाचता येईना. बचाव पक्षाच्या वकिलांनी लगेच विचारलं की हा त्याच गुन्ह्यातला चाकू कशावरून, आणि प्रश्न बरोबरच होता, त्यांच्या जागी मीही तेच विचारलं असतं. वाचलो ते खाली दोऱ्याने बांधलेल्या जुन्या चिठ्ठीमुळे, तिच्यावर दोन्ही पंचांच्या सह्या होत्या आणि लाखेचं सील शाबूत होतं. तरी दुसऱ्या दिवशी मुद्देमाल रजिस्टर घेऊन परत जावं लागलं.

मी नागपुरातल्या एका ठाण्यात मुद्देमाल कारकून आहे. कंपनीचं आणि ठाण्याचं नाव लिहित नाही, त्याने काही होणार नाही. पण दुसऱ्या जिल्ह्यांतून दोन-तीन जणांनी फोन करून विचारलं की भाऊ आमच्याकडे पण हे सॉफ्टवेअर घेऊन राहिले, कसं आहे, म्हणून एकदाच सविस्तर सांगतो.

सिस्टीम काय करते ते तुम्हाला माहीतच आहे. माल आला की नोंद, फोटो, लेबल, रॅक नंबर, मग सीएला म्हणजे केमिकल तपासणीला गेला, कोर्टात गेला, सुपूर्तनाम्यावर मालकाच्या ताब्यात सुटला, दर वेळी स्कॅन. गेल्या जुलैत चालू झालं तेव्हा मी विरोधातच होतो. सीसीटीएनएसला, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे नोंदीच्या संगणक सिस्टीमला एकदा आणि इथे एकदा असं डबल टायपिंग, वरून रजिस्टर हाताने लिहायचं ते लिहायचंच. जुन्या मालाच्या अकराशे चाळीस बॅक एन्ट्री मी आणि एका महिला शिपायाने मिळून केल्या, रोजची ड्युटी सांभाळून, दोन महिने.

मग दिवाळीच्या आधी मत बदललं. एक बाई आल्या, चेन स्नॅचिंगमधली त्यांची पोत, कोर्टाचा ऑर्डर हातात. मेसमध्ये स्वयंपाक करतात, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेल्या. आधी अशा वेळी मी अर्धा दिवस पेट्या उपसायचो आणि समोरचा माणूस बाकावर बसून राहायचा. या वेळी नाव टाकलं, कपाट दोन, खण तीन, पाकीट सात, तीन मिनिटांत पोत टेबलावर. बाईंना खरंच वाटेना. त्या दिवसापासून मी या सिस्टीमच्या बाजूने बोलायला लागलो आणि आजही सॉफ्टवेअरच्या बाजूनेच बोलतो.

पेंडिंगची यादी तर फारच कामाची. रहाटे कॉलनीच्या फॉरेन्सिक लॅबला काय दिलं, रिपोर्ट कशाचा आला, माल परत आणायचा कोणाचा राहिला, हे सकाळी एका क्लिकवर दिसतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नवीन कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी घटनास्थळी जायचं आहे, त्यामुळे नमुन्यांची पाकिटं आधीपेक्षा कितीतरी वाढली. त्याच संहितेच्या कलम ४९७ मध्ये माल कोर्टापुढे गेला की १४ दिवसांत त्याचं विवरण, फोटो, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश असं आहे. सुप्रीम कोर्टाने सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलं होतं की माल ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्यापेक्षा जास्त पडू देऊ नका. पण ते हातानं कोण मोजणार, रोज तीनशे तारखा बघायच्या. मशीन मोजते, लाल करून दाखवते. हे खरोखर चांगलं आहे.

आता लेबल.

डेमो झाला जानेवारीत, एसी हॉलमध्ये. मलाही बोलावलं होतं, मी मागे बसलो होतो. स्क्रीनवर सगळ्यांनी दीड तास बघितलं, लेबल छापून एकाने हातात फिरवलं, वा छान, आणि झालं. मुद्देमालाची खोली बघायला कोणी आलं नाही. आमची खोली वरून टिनाची, एक खिडकी, वरचा रॅक टिनापासून दोन हात. नागपूरचा मे तुम्हाला सांगायला नको, २०१३ मध्ये ४७.९ पर्यंत गेलेलं हे शहर, टिनाखाली काय होत असेल ते हात लावून बघा.

आणि दिलेली लेबलं कोणती, तर डायरेक्ट थर्मल. म्हणजे एटीएमच्या पावतीचा कागद. त्यात शाई नसतेच, कागदावरच रसायन असतं आणि प्रिंटरच्या गरम हेडने ते काळं होतं. मग जो कागद उष्णतेनेच काळा होतो तो नागपूरच्या टिनाखाली चार-चार वर्षं ठेवायला कोणी दिला? वरच्या रॅकवरची लेबलं एप्रिलपासून राखाडी व्हायला लागली, मे संपेपर्यंत काळी. खिडकीजवळची उलटी, उजेडाने उडून पांढरी झाली. आणि हातभट्टीची कॅन एक जरा पाझरली तर शेजारच्या पाच पाकिटांची लेबलं एका रात्रीत काळी, कारण स्पिरिट लागलं तरी तो कागद काळा होतो. क्यूआरचं म्हणतात की एच लेव्हलला, म्हणजे सगळ्यात जास्त खराबी सोसणाऱ्या प्रकारात छापला तर ३० टक्के खराब झाला तरी वाचतो, पण सगळंच काळं झाल्यावर स्कॅनर काय वाचणार?

सर्व्हिसला फोन केला. पहिल्यांदा तिकीट घेतलं आणि दोन दिवसांनी आपोआप बंद झालं. दुसऱ्यांदा सांगितलं की लेबल कन्झ्युमेबल म्हणजे वापरून संपणारी वस्तू आहे, वॉरंटीत येत नाही. तिसऱ्यांदा पुण्याहून इंजिनिअर आला, पोरगा चांगला होता, पण म्हणाला खोलीला एसी लावून घ्या. एसी कुठून लावणार? ठाणेदार साहेबांनी स्वतः लक्ष घालून खिडकीला कूलर लावून दिला. त्याने ओल आली आणि कापडी पिशव्यांवरची लेबलं सुटून खाली पडायला लागली, वर रक्ताच्या कपड्यांच्या कागदी पाकिटांना बुरशीची भीती. ती पाकिटं कागदाचीच का ठेवतात, तर ओल कोंडू नये म्हणून, आणि आपणच खोलीत ओल सोडायची! तीन दिवसांत कूलर काढला.

मला झोप लागत नव्हती हे खरं सांगतो. दोन वेगळ्या गुन्ह्यांतले एकाच मॉडेलचे काळे मोबाईल, दोन्हीची लेबलं काळी, शेजारी शेजारी. मी चिठ्ठ्या बांधणं सोडलं नव्हतं म्हणून कोणता कुठला ते कळलं. ट्रेनिंगला आलेल्या माणसाने सांगितलं होतं की आता चिठ्ठीची गरज नाही, सगळं लेबलमध्ये आहे. पण लेबलवर पंचांची सही कुठे करायची? तीन इंच बाय दोन इंचात लोगो आहे, कंपनीचं नाव आहे, सहीला जागा नाही. एखाद्याचं अख्खं आयुष्य त्या पाकिटावर अवलंबून असतं, आरोपीचंही आणि ज्याचं माणूस गेलं त्याचंही.

मग मेच्या शेवटी सीताबर्डीत एका बिलिंग मशीनच्या दुकानात प्रिंटरचा फोटो दाखवला. दुकानदार म्हणाला, दादा हा तर रिबनवर पण चालतो, तुम्ही रिबन काऊन नाही लावत? म्हणजे प्रिंटर थर्मल ट्रान्सफरचा होता, गरम हेडने रिबनवरची शाई कागदावर उतरवणारा, फक्त रिबन दिलीच नव्हती आणि सेटिंग डायरेक्टवर. वॅक्स-रेझिनचा, म्हणजे मेण आणि राळेच्या शाईच्या रिबनचा ३०० मीटरचा रोल ४८० रुपयांना मिळाला, दोन घेतले, साध्या कागदाची लेबलं घेतली, पैसे सध्या माझे. हिशेब करा, दोन इंच उंचीची साधारण साडेपाच हजार लेबलं एका रोलमध्ये होतात. एका लेबलमागे रिबनचे दहा पैसेसुद्धा नाही. या दहा पैशांसाठी मी कोर्टात उभा होतो, याचा राग अजून गेला नाही.

ट्रायल म्हणून एक लेबल वरच्या रॅकवर आणि एक बाहेर उन्हात उभ्या जप्तीच्या मोटरसायकलच्या सीटवर लावलं. पंधरा दिवस झाले, रॅकवरचं जसंच्या तसं, मोटरसायकलवरचं कागद थोडा पिवळा पण स्कॅन होते. कायम बाहेर राहणाऱ्या गाड्यांना मात्र हे पुरणार नाही, त्यांना पॉलिस्टरचं लेबल आणि रेझिन रिबनच पाहिजे, दारूच्या मालालाही तेच, कारण स्पिरिटने साधी वॅक्सची शाई पुसते.

म्हणून घेणाऱ्यांनो, टेंडरमध्ये "बारकोड प्रिंटर" एवढंच लिहू नका. तेवढं लिहिलं की सगळ्यात स्वस्तवाला सगळ्यात स्वस्त कागद देणार आणि कागदोपत्री तो बरोबरच असणार. थर्मल ट्रान्सफर लिहा, रिबनचा प्रकार लिहा, तीन वर्षांच्या रिबन आणि लेबल किमतीत धरा, पंचांच्या दोन सह्यांची जागा लेबलवर मागा. आणि शेवटचं बिल काढायच्या आधी लेबल एक अख्खा मे महिना तुमच्या स्वतःच्या मुद्देमाल खोलीत ठेवून बघा. सीसीटीएनएसमधून गुन्हा नंबर आपोआप यावा हेही लिहा, डबल टायपिंगने चुका होतात. फोटो टाकताना हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदलली नाही हे दाखवणारा आकडा, निघते का तेही विचारा, डिजिटल पुराव्यासाठीच्या, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या सर्टिफिकेटला लागते, आमच्याकडे निघते, त्यात तक्रार नाही.

ज्यांची लेबलं आधीच काळी झाली त्यांच्यासाठी एकच, जुनं लेबल उपटू नका. तसंच राहू द्या, नवीन बाजूला लावा, सीलला हात लावू नका, चिठ्ठी आणि रजिस्टर दोन्ही जुळल्याशिवाय छापू नका आणि प्रत्येक दिवसाची स्टेशन डायरीला नोंद घ्या, किती बदलली, कोणासमोर बदलली.

आमच्याकडे ६१२ खराब निघाली. आजपर्यंत ३८० झाली. आठ पाकिटांची चिठ्ठी आणि रजिस्टर जुळत नाही, ती वेगळ्या पेटीत ठेवून ठाणेदार साहेबांना लेखी रिपोर्ट दिला आहे आणि तपासी अंमलदारांना एकेक करून बोलावणं चालू आहे. उद्या चार नंबरचा रॅक घेतो.