पोस्टग्रेसचा प्लॅन कशात वाचावा: डेपेझ, पेव्ह-टू, पीजीमस्टर्ड की पीजीअ‍ॅडमिन?

पोस्टग्रेस या डेटाबेसची क्वेरी रखडली की एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ चालवायचं, म्हणजे डेटाबेसने ती कोणत्या टप्प्यांनी चालवली याचा प्लॅन मिळतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. गाडी अडते ती पुढे. उजवीकडे सरकत जाणाऱ्या शेकडो ओळी समोर येतात आणि वेळ नेमका कुठे गेला ते काही सापडत नाही. त्याला कारण आहे: प्रत्येक टप्प्यापुढे छापलेला वेळ हा एका फेरीचा सरासरी वेळ असतो. इंडेक्स स्कॅनसमोर 0.02 मिलिसेकंद दिसतात, आपण पुढे जातो, आणि त्याच ओळीच्या शेवटी लूप्स (म्हणजे फेऱ्या) 50000 लिहिलेलं असतं. म्हणजे अख्खा एक सेकंद तिथेच गेला.

हा गुणाकार, आणि आतल्या टप्प्यांचा वेळ वजा करून त्या टप्प्याचा स्वतःचा वेळ काढणं, हे काम प्लॅन वाचून दाखवणारी टूल्स साधारणपणे करतातच. त्यामुळे निवड त्यावर ठरत नाही. पहिला प्रश्न हा विचारा: तुमचा प्लॅन ऑफिसबाहेर गेलेला चालेल का?

प्लॅनमध्ये डेटा नसतो, असा बऱ्याच जणांचा समज आहे. फिल्टरची, म्हणजे क्वेरीतल्या अटींची ओळ वाचून बघा. क्वेरीत थेट लिहिलेला मोबाइल नंबर किंवा पॅन तिथे जसाच्या तसा छापलेला असतो. बँकेच्या किंवा हॉस्पिटलच्या प्रोजेक्टवर असाल तर तो मजकूर बाहेरच्या साइटवर चिकटवणं महागात पडू शकतं.

अशा ठिकाणी मी डोळे झाकून पेव्ह-टू सुचवेन. दालिबो या फ्रेंच कंपनीचं हे ओपन सोर्स टूल त्यांच्या साइटवर चालतं, पण तिथे प्लॅन सर्व्हरवर साठवला जातो. त्याऐवजी त्याची एकच एचटीएमएल फाइल उतरवून घ्या. ती ब्राउझरमध्ये उघडायची, प्लॅन चिकटवायचा. सगळं आपल्याच मशीनवर राहतं. प्लॅनचं झाड दिसतं, आणि वेळ, ओळी, अंदाजी खर्च किंवा बफर (वाचलेले डेटाचे ब्लॉक) यांपैकी कशावर नजर ठेवायची ते निवडता येतं. डेटाबेसने अंदाजलेल्या आणि प्रत्यक्ष ओळी यांत तफावत असेल तर तीही ठळक दिसते. खूप मोठ्या प्लॅनमध्ये मात्र झाड इतकं पसरतं की सरकवून सरकवून हात दुखतो.

डेपेझचा स्वभाव उलटा. पोलंडच्या हुबर्ट लुबाचेव्स्की यांची ही जुनी साइट दिसायला रुक्ष आहे: झाड नाही, नुसता तक्ता. टप्प्याचा स्वतःचा वेळ, आतल्यांसह एकूण वेळ, अंदाज किती पटीने चुकला, ओळी, लूप्स. गडबड असेल तो चौकोन पिवळा, नारिंगी किंवा लाल होतो. प्लॅन वाचायची सवय झालेल्याला माझ्या मते हाच तक्ता सर्वांत वेगाने उत्तर देतो. कुणाला मदत मागायची असेल तर लिंक पाठवता येते. नावं झाकायची सोय आहे, पण ती वापरली की टेबल-कॉलमची ओळखच पुसली जाते आणि सल्ला देणाराही चाचपडतो.

पीजीमस्टर्ड पैसे घेतं आणि त्या बदल्यात सल्ला देतं: इथे इंडेक्स हवा, इथे सॉर्ट डिस्कवर गेला, इथे अंदाज चुकला, सोबत प्रत्येक सूचनेला गुण. टीममध्ये डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा माणूस, नसेल आणि प्लॅन वाचायचं काम बॅकएंडच्या मुलांवरच पडत असेल तर पैसे वसूल होतात. रोज प्लॅन वाचणाऱ्याला त्यातलं बरंचसं आधीच कळलेलं असतं. शिवाय ही ऑनलाइन सेवा आहे, तेव्हा पहिला प्रश्न इथेही लागू.

पीजीअ‍ॅडमिन हे पोस्टग्रेस हाताळायचं अ‍ॅप उघडंच असेल तर शिफ्ट आणि एफ7 दाबा. चित्रं बघण्यात वेळ घालवू नका, शेजारचा अ‍ॅनालिसिस टॅब उघडा. तिथे डेपेझसारखाच तक्ता आहे.

कोणतंही टूल निवडा, बफर्स चालू ठेवा. पोस्टग्रेस 18 पासून अ‍ॅनालाइझसोबत ते आपोआप येतात, जुन्या आवृत्तीत स्वतः मागावे लागतात. एक ब्लॉक सहसा 8 केबीचा. 1,28,000 ब्लॉक वाचलेले दिसले तर क्वेरीने 1000 एमबी ढवळले, आणि मग निकालात दहाच ओळी का, हा प्रश्न आपोआप पडतो. डिलीट किंवा अपडेटवर अ‍ॅनालाइझ लावताना आधी बिगिन, नंतर रोलबॅक, म्हणजे केलेले बदल मागे घेतले जातात. ती क्वेरी खरोखर चालते.

आणि क्वेरी रात्रीच कधीतरी रखडत असेल, सकाळी तुम्ही चालवली की सुसाट धावत असेल, तर या टूल्सची तुलना नंतर करा. आधी ऑटो एक्स्प्लेन हे पोस्टग्रेसचं मॉड्यूल लावा, ठरावीक वेळेपेक्षा लांबलेल्या क्वेरीचा प्लॅन जेसॉनमध्ये लॉगमध्ये पडू द्या. त्यात अ‍ॅनालाइझ चालू करायचं असेल तर प्रत्येक टप्प्याचं टायमिंग बंद ठेवून सुरुवात करा, नाहीतर मोजमापाचाच भार प्रॉडक्शनवर पडतो.